प्रवासाची वही आणि मोजपट्टीचा माणूस

१

मराठी प्रवासवर्णनाची चर्चा करताना आपले समीक्षक दोन गोष्टी न चुकता सांगतात. लेखकाची दृष्टी ताजी हवी आणि त्याचे मन मोकळे हवे. तिसरी गोष्ट ते सांगत नाहीत, कारण ती त्यांना गृहीतच असते. लेखकाला वाटेत थांबता आले पाहिजे. ज्या माणसाला धर्मशाळेच्या ओट्यावर टेकता येत नव्हते, पाणवठ्यावर उभे राहता येत नव्हते, गाडीवानाने जात विचारली तर सांगावी की लपवावी हाच ज्याच्यापुढे प्रवासातला पहिला प्रश्न होता, त्याची दृष्टी कितीही ताजी असली तरी डोंगराचा रंग टिपण्यासाठी ती मोकळी नव्हती. तो माणसांचे चेहरे वाचत चालत होता.

सचित्र प्रवासवही हे या वाङ्मयप्रकाराचे सर्वांत निवांत रूप. एका पानावर रेखाटन, शेजारी चार ओळींचा मजकूर, मध्ये चिकटवलेले बसचे तिकीट, दाबून वाळवलेले पिंपळपान, कुठल्याशा दुकानाचे छापील कार्ड. अशा कोऱ्या वह्या आता शहरांतल्या दुकानांत तयार मिळतात आणि महाविद्यालयातली मुलेमुली त्या हौसेने ठेवतात. मी कोल्हारला मराठी शिकवतो. नगर-मनमाड रस्त्यावरचे, प्रवरेच्या काठचे हे गाव. शिर्डीला जाणाऱ्या गाड्या रात्रंदिवस या रस्त्याने धावतात, म्हणून प्रवास ही इथल्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातली गोष्ट आहे. पण प्रवास करणारे बहुतेक वेळा दुसरेच असतात, आणि आपण रस्त्याच्या कडेला उभे असतो. सहलीच्या निमित्ताने आपली मुले वेरूळ-दौलताबादला जातात, तेव्हा प्रवासवर्णनाच्या अभ्यासाला जोडून मी त्यांना वही ठेवायला सांगतो. त्या वह्या तपासताना जे प्रश्न मनात उभे राहिले ते येथे मांडायचे आहेत. वही किती सुबक झाली याच्याशी त्या प्रश्नांचा संबंध नाही. वही कोणत्या हक्कांवर उभी असते, याच्याशी आहे.

ते हक्क तीन आहेत. थांबण्याचा, न्याहाळण्याचा आणि काहीतरी बरोबर नेण्याचा. रेखाटन करायचे तर अर्धा तास एका जागी बसावे लागते. कोणी हटकता कामा नये, 'तू कोण, इथे काय करतोस' असे विचारता कामा नये. आठवणीची वस्तू आणायची तर ती विकत घेण्याची, उचलण्याची किंवा निदान हाताळण्याची मुभा हवी. हे तीन हक्क ज्याच्यापाशी जन्मतःच आहेत, त्याला ते हक्क वाटत नाहीत. तो त्यांना रसिकता म्हणतो.

२

उदाहरण वेरूळचेच घेऊ. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम भारतात आलेल्या कंपनीच्या नोकरांत चित्रे काढण्याचा आणि टिपणे ठेवण्याचा मोठा छंद होता. जेम्स फोर्ब्स या अधिकाऱ्याने पत्रे, टिपणे आणि स्वतः काढलेली चित्रे यांचे दीडशे मोठे खंड भरवले आणि त्यांतून निवडून १८१३ साली 'ओरिएंटल मेमॉयर्स' हा चार भागांचा ग्रंथ काढला. दीडशे खंड भरण्याइतकी सवड आणि ते सातासमुद्रापार वाहून नेण्याइतकी सत्ता त्याच्या पाठीशी होती. त्याची चिकाटी आणि हाताचे कौशल्य मी नाकारीत नाही. मात्र त्या कौशल्याचे कौतुक करताना सत्तेचा उल्लेख टाळायचा, हे अर्धे सांगणे झाले.

पुण्याच्या दरबारातला कंपनीचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याला वेरूळच्या लेण्यांचे फार आकर्षण होते. त्याच्यासाठी गंगाराम चिंतामण तांबट या पुण्याच्या चित्रकाराने लेण्यांची चित्रे काढली. पुढे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकारही या कामात आला. वेल्स १७९५ साली वारला. १८०३ मध्ये थॉमस डॅनियलने लंडनमध्ये वेरूळची चोवीस दृश्ये छापून प्रसिद्ध केली. त्या ग्रंथाच्या नावात वेल्सच्या चित्रांचा निर्देश आहे, गंगारामचा नाही. गंगारामची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात आहेत. तांबट म्हणजे तांब्या-पितळेची भांडी घडवणारा. तो अस्पृश्य नव्हता, तेव्हा त्याला ओढूनताणून आपल्या रांगेत बसवण्याचे कारण नाही. पण हाताने काम करणाऱ्या माणसाचे नाव पुस्तकाच्या पहिल्या पानापर्यंत पोचत नाही, ही रीत आपल्या चांगलीच ओळखीची आहे.

त्या काळच्या अशा दृश्यचित्रांत एक संकेत आढळतो. प्रचंड खांब किंवा कोरलेला हत्ती दाखवायचा, आणि त्याच्या पायथ्याशी दोन-तीन छोटी माणसे उभी करायची. कोणी काठी टेकून उभा, कोणी उकिडवा बसलेला, कोणी डोक्यावर काही घेतलेली बाई. त्यांना नाव नसते, नाकडोळे नसतात. वास्तू किती उंच आहे हे पाहणाऱ्याला कळावे म्हणून ती असतात. म्हणजे चित्रात इथला माणूस आहे, पण मोजपट्टी म्हणून आहे. मला हा संकेत केवळ चित्रकलेतला वाटत नाही. मराठी प्रवासवर्णनात हमाल, टांगेवाला, झाडूवाली, आश्रमातला गडी यांची जी चित्रे येतात, ती बहुतेक याच जातीची असतात. लेखकाची विनोदबुद्धी, त्याची करुणा, त्याचे उदार मन किती उंच आहे हे दाखवण्यासाठी ही माणसे पायथ्याशी उभी केली जातात.

बरोबर नेण्याच्या हक्काचे काय झाले, ते अजिंठ्याला पाहावे. १८१९ सालच्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ हा गोरा लष्करी अधिकारी तिथे पोचला आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावरच्या चित्रावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. त्यानंतर आलेल्या पाहुण्यांनी भिंतींवरचे रंगाचे तुकडे आठवण म्हणून खरवडून नेले. रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षे बसून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ च्या आगीत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्सच्या हाताखाली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतिकृतींपैकी अनेक १८८५ मध्ये पुन्हा लंडनलाच आगीत गेल्या. आज अजिंठा आणि वेरूळची पहिली बारा लेणी आपण आपला वारसा म्हणतो. त्या वारशाच्या अंगावर दुसऱ्यांच्या प्रवासाच्या खुणा अशा उमटलेल्या आहेत.

३

आता मराठी माणसाच्या प्रवासाकडे येऊ. विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये वरसईहून उत्तरेकडे निघाले. दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे हा हेतू. वाटेत बंडाची धामधूम, झाशीत लूट, जिवावरचे प्रसंग. त्यांनी पुढे लिहिलेला 'माझा प्रवास' चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. हा ग्रंथ थोर आहे यात वाद नाही. या माणसाने फार सोसले यातही नाही. पण त्याच्या हालअपेष्टांतही एक गोष्ट शाबूत होती. गावोगावी त्याला आपल्या जातीचे घर सापडत होते, आणि त्या घरात पान वाढले जात होते. परतताना त्याने गंगेची कावड खांद्यावरून आणली आणि आईवडिलांना स्नान घातले. प्रवासाहून आणलेली त्याची आठवणीची वस्तू म्हणजे पाणी.

या कावडीशेजारी दुसरा एक प्रवास ठेवून पाहा. १९०१ साली साताऱ्याहून नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा भावाभाच्यांबरोबर वडिलांच्या नोकरीच्या गावी निघतो. नवे कपडे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे, बरोबर फराळाचे डबे. मसूर स्टेशनवर उतरल्यावर वडिलांचा माणूस आलेला नाही. मुले महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तर पाठ फिरवतो. दुप्पट भाडे घेऊनही गाडीवान गाडी हाकत नाही. मुलांनी हाकायची, त्याने शेजारून चालायचे. डब्यांत खाणे आहे आणि प्यायला पाणी नाही, म्हणून रात्र उपाशी काढायची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी टिपणांत लिहून ठेवले. ती टिपणे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केली. गोडसे भटजींच्या खांद्यावर पाण्याची कावड होती. या मुलांच्या आठवणीतही पाणीच उरले, पण न मिळालेले.

याच टिपणांत १९३४ चा प्रवास आहे. चळवळीतल्या सहकाऱ्यांना स्थलदर्शनाला जायचे होते, आणि त्यात वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच असे ठरले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवेशद्वाराजवळच्या छोट्या टाक्यातल्या पाण्याने मंडळींनी धूळभरले हातपाय धुतले, आणि काही क्षणांत आरडाओरडा सुरू झाला. अस्पृश्यांनी टाके बाटवले. महिना रमजानचा. बाबासाहेबांनी त्या जमावाला विचारले की, हेच तुमचा धर्म शिकवतो काय, आणि उद्या अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही पाणी घेऊ देणार नाही काय? शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला शिवू नये म्हणून एक हत्यारबंद शिपाई बरोबर देण्यात आला.

या टिपणाची एक गोष्ट समीक्षकाने ध्यानात घ्यायला हवी. वेरूळ पाहायला निघालेल्या प्रवासाच्या या हकिगतीत वेरूळ येतच नाही. किल्ल्याचेही वर्णन नाही. जे लिहिले आहे ते टाके, जमाव आणि शिपाई. मॅलेटने ज्या लेण्यांची चित्रे काढून घेतली, त्याच लेण्यांकडे निघालेला, कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला, ग्रंथांवर आणि वास्तूंवर प्रेम करणारा हा प्रवासी त्यांच्याबद्दल इथे एक ओळही लिहीत नाही. त्याला सौंदर्यदृष्टी नव्हती असे कोण म्हणेल? नजरेची जागा टाक्याने अडवली होती. प्रस्थापित कसोटी लावली तर हे प्रवासवर्णन 'अपुरे' ठरते. मी म्हणेन, मराठी मुलखातल्या प्रवासाचे इतके पूर्ण वर्णन फार थोडे झाले आहे. स्टेशनचे नाव, वेळ, भाडे, कोण काय बोलले, पाणी कुठे होते आणि कुठवर जाऊ दिले, हे सारे त्यात आहे. प्रवासवहीचा पहिला गुण नेमकेपणा असेल, तर तो इथे काठोकाठ भरलेला आहे. तरीही प्रवासवर्णनाच्या याद्यांत हे लेखन सहसा दिसत नाही. ते इंग्रजीत आहे ही सबब लंगडी आहे. त्याचे मराठी अनुवाद झालेले आहेत. खरे कारण असे की, त्याला आपण 'आत्मकथन' किंवा 'दस्तऐवज' म्हणून बाजूला ठेवतो. वेदना एका कप्प्यात आणि सहल दुसऱ्या कप्प्यात, ही वाटणी आपणही मुकाट मान्य केली आहे.

आठवणीच्या वस्तूंचेही तसेच. न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारातून बाबासाहेबांनी सुमारे दोन हजार ग्रंथ गोळा केले होते. मित्राकडे सोपवलेल्या त्या संग्रहापैकी थोडेच पुढे हाती लागले. १९१७ साली लंडनहून परतताना वेगळ्या बोटीने पाठवलेले त्यांचे सामान ती बोट बुडाल्याने समुद्रात गेले. त्याची जी भरपाई मिळाली ती बडोद्याला जाण्याच्या खर्चाला कामी आली, आणि बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. परदेशाहून माणसे शोभेच्या वस्तू आणतात. या माणसाने ग्रंथ आणायचे ठरवले, आणि आपल्या देशात ते ठेवायला छप्पर मिळेना.

४

मग दलित लेखकाला निवांतपणे न्याहाळता येतच नाही, असे म्हणायचे का? तसे मुळीच नाही. अण्णाभाऊ साठे लहानपणी वाटेगावहून वडिलांबरोबर मुंबईला पायी आले. त्या प्रवासाची वही कुणी ठेवली नाही, ठेवणे शक्य नव्हते. १९४३ मध्ये स्टालिनग्राडचा पोवाडा रचणारा हाच शाहीर १९६१ साली सोव्हिएत देशात गेला आणि त्याने 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. इथे पाहुणा म्हणून त्याचे स्वागत झाले होते. त्याला थांबता येत होते, पाहता येत होते, कुणी जात विचारत नव्हते. हक्क मिळताच नजर कशी मोकळी होते हे या पुस्तकात दिसते. पण ती मोकळी नजरही कळसाकडे जाऊन थांबत नाही. हे बांधणारी आणि इथे राहणारी माणसे कशी जगतात, हा तिचा प्रश्न कायम असतो. त्या देशाबद्दलच्या त्याच्या भक्तिभावाची चिकित्सा अवश्य करावी. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला, आणि आज वाचताना काही जागी आपण अडखळतो. तरी मोजपट्टीच्या माणसाला चित्राच्या मध्यभागी आणण्याचे काम या छोट्या पुस्तकाने केले, आणि तेही शाळेत जेमतेम पाय ठेवलेल्या माणसाने.

५

आता थोडे आपल्याकडे पाहू. आठवणीच्या वस्तूला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याच शब्दाला आपण चळवळीत 'स्मरणिका' म्हणतो. जयंती असो, संमेलन असो, स्मरणिका निघते. तिच्यात पुढाऱ्यांची छायाचित्रे असतात, शुभसंदेश असतात, साखर कारखान्यांच्या आणि पतसंस्थांच्या जाहिराती असतात. ज्यांच्या वर्गणीतून ती निघते ती माणसे तिच्यात कुठे असतात? मंडपाच्या छायाचित्रात, मागे, गर्दी म्हणून. म्हणजे आपणही आपल्या माणसांना मोजपट्टी करून टाकले. सभा किती मोठी झाली हे दाखवण्यापुरती ती उरली.

याउलट खरी स्मरणिका लोकांच्या घरात असते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो माणसे पांढऱ्या कपड्यांत गेली. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर येणारा माणूस आजही शिवाजी पार्कवरच्या दुकानांतून एखादे पुस्तक, दिनदर्शिका, बुद्धाची छोटी मूर्ती घेऊन जातो. अंगावरच्या पैशांत भाकरी आणि पुस्तक यांतून पुस्तक निवडणारी माणसे त्या गर्दीत आपण पाहिली आहेत. या प्रवासांची वही मात्र नाही. नागपूरला गेलेली पिढी आता झपाट्याने संपत चालली आहे. कोणत्या गाडीने गेले, रात्री कुठे झोपले, भाकऱ्या कुणी बांधून दिल्या, परत येताना काय आणले, घरातले देव कुणी कुठे नेऊन सोडले, हे विचारायला आणखी काही वर्षांनी माणूस उरणार नाही. आपली आत्मकथने या बाबतीत मोठी आहेत. याच प्रवरेच्या वरच्या अंगाला धामणगावच्या दया पवारांनी 'बलुतं' १९७८ साली लिहिले आणि मराठी वाचकाला गावकुसाबाहेर नेऊन उभे केले. पण प्रत्येकाने आत्मकथनच लिहावे असे नाही. एका प्रवासाची चाळीस पानांची वही कोणालाही ठेवता येईल.

काही मित्र म्हणतील, हे मध्यमवर्गीय चोचले आपल्याला कशाला? मोबाइलमध्ये शेकडो छायाचित्रे असताना रेखाटन कशाला? माझे उत्तर साधे आहे. छायाचित्र क्षणात निघते आणि आपण पुढे सरकतो. रेखाटनाला बसावे लागते. जिथे आपल्या आज्याला बसू दिले गेले नाही, तिथे अर्धा तास वही उघडून बसणे हा हक्क बजावणे आहे. चित्र वेडेवाकडे आले तरी चालेल.

विद्यार्थ्यांच्या वह्यांत बहुतेकांनी कैलास लेणेच काढलेले असते, आणि पुष्कळदा ते छापील चित्रावरून उतरवलेले असते. एका मुलीची वही मात्र वेगळी होती. तिने लेण्यांबाहेर पेरू विकणारी बाई पूर्ण पानभर काढली होती. कैलासाचा कळस मागे त्या बाईच्या खांद्याइतका. शेजारी लिहिले होते: पेरू कुठून आणते, टोपलीला काय सुटते, दिवसभर प्यायचे पाणी कुठून मिळते. पुढच्या पानावर पाचव्या लेण्यातले दगडी लांब बाक होते, आणि त्यांवर कोण बसत असेल असा प्रश्न. त्या पानावर पेरूचे वाळलेले पान चिकटवलेले होते. हात कच्चा होता. प्रमाण चुकले होते असे आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी म्हटले. मला ते प्रमाण फार दिवसांनी बरोबर आलेले दिसले.

म्हणून प्रवासलेखनाची समीक्षा करताना यापुढे चार प्रश्न विचारावेत असे मला सुचवायचे आहे. लिहिणाऱ्याला तिथे थांबता आले, ते कोणाच्या बळावर? चित्रात माणूस आहे तो स्वतःसाठी आहे की दुसऱ्या कशाची उंची दाखवण्यासाठी? जे बरोबर आणले ते घेतले, मिळाले की खरवडले? आणि पाणी कुठे होते? या प्रश्नांनी गोडसे भटजींचे मोठेपण कमी होणार नाही, गंगाराम तांबटाचे नाव मात्र जागेवर येईल, आणि बाबासाहेबांची ती टिपणे प्रवासवर्णनाच्या अभ्यासक्रमात पहिल्या क्रमांकावर येतील.

शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना विनंती एवढीच. येत्या ६ डिसेंबरला गावातून जी गाडी निघेल, तिच्यात एक कोरी वही आणि दोन पेन्सिली द्या. सर्वांत म्हाताऱ्या माणसाशेजारी शिकणारे एक पोर बसवा. वही परत आली की ती महाविद्यालयाच्या किंवा विहाराच्या कपाटात, नाव आणि तारीख घालून, इतर ग्रंथांच्या रांगेत ठेवा.